पांढरी चारवरचे स्तोत्र

पाश्चात्य अभिजात संगीताच्या मैफलीला गेले असता दारात जो छापील कागद हाती पडतो, त्यात रचनेला बहुधा नाव असे नसतेच. वाद्ये किती, मूळ स्वर कोणता, रचनाकाराच्या कामगिरीतला अनुक्रमांक काय, आणि त्याखाली प्रत्येक भागाच्या चालीविषयी इटालियन भाषेतले दोनचार शब्द, एवढाच काय तो मजकूर. आणि सातबाराच्या उताऱ्यावरून जमिनीचा गट क्रमांक आणि आकार बिनचूक कळावा पण त्या मातीत काय पिकते याची मात्र कल्पना येऊ नये, तशी नवख्या श्रोत्याची अवस्था तो वाचून होते. 'क्वार्टेट, ए मायनर, ओपस १३२. असाई सोस्तेनूतो, अलेग्रो' ही अक्षरे वाचून ज्याच्या मनात काही हलते, त्याने ती रचना आधीच ऐकलेली असते. तथापि हा कागद अगदीच निरुपयोगी आहे असे समजण्याचे कारण नाही. त्यातल्या दोन नोंदींपैकी एक स्वराची आणि दुसरी लयीची. आणि ज्या तिसऱ्या गोष्टीसाठी आपण तिकीट काढून आत आलो, त्या भावाची नोंद तेथे नसली, तरी ती या दोहोंच्या कोणत्या व्यवहारातून उत्पन्न होते, याचा शोध घेता येतो. तो शोध एकाच रचनेच्या आधारे घ्यावा असे प्रस्तुत प्रकरणात योजिले आहे. आणि ती रचना म्हणजे वर उल्लेखिलेले बीथोव्हेनचे ए मायनरमधील क्वार्टेट, त्यातही त्याचा तिसरा भाग.

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा मेळ. या प्रकाराला प्रौढ रूप दिले ते हायडनने. त्याच्या १७८१ सालच्या ओपस ३३ या संचाने मोझार्ट इतका भारावला, की त्याने स्वतःची सहा क्वार्टेटे रचून १७८५ साली ती हायडनलाच अर्पण केली. चौघेही एकाच कुळातली वाद्ये वाजवीत असल्यामुळे येथे रंगांची उधळण नाही, नगारे नाहीत, तुताऱ्या नाहीत. जे काय सांगावयाचे ते स्वर आणि लय यांच्याच बळावर सांगावे लागते. म्हणूनच या दोहोंचा भावाशी असलेला संबंध तपासण्यास याहून निर्मळ प्रयोगशाळा नाही.

प्रथम स्वराचे पाहू. आपल्याकडे गायक 'पांढरी दोन' किंवा 'काळी चार' म्हणतो तेव्हा तो आपल्या गळ्याची सोय सांगत असतो. पट्टी बदलली म्हणून भीमपलासचे काही बिघडत नाही, कारण षड्ज कोठेही मांडला तरी तंबोरा तो अखंड धरून ठेवतो आणि बाकीचे सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यानेच ओळखले जातात. क्वार्टेटमध्ये तंबोरा नाही. तेथे षड्ज कोणता हे कोणी सतत सांगत नाही; स्वरसंगतींच्या हालचालीतून तो श्रोत्याला उमगावा लागतो, रचनाकार तो हळूहळू प्रस्थापित करतो, मग तेथून उठून दुसऱ्या षड्जावर जातो, तिसऱ्यावर जातो, आणि फिरूनफिरून घरी परत येतो. जो षड्ज उभारावा लागतो तो डळमळीतही करता येतो, हे ओघानेच आले. आणि पाश्चात्य रचनाकाराच्या हातातले एक प्रभावी हत्यार माझ्या मते हेच होय.

याचा धडा मोझार्टच्या त्या सहांपैकी शेवटच्या क्वार्टेटात फार थोड्या जागेत मिळतो. छापील कागद सांगतो की मूळ स्वर सी मेजर, म्हणजे आपल्या हिशेबाने पांढरी एक आणि स्वर बिलावलचे, सरळ, प्रसन्न. पण आरंभीच्या बावीस बारांच्या (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठराविक गट) संथ प्रस्तावनेत चेलो पांढरी एकचा ठोका देत राहतो, त्यावर व्हिओला येतो तो कोमल धैवतावर, मग दुसरे व्हायोलिन कोमल गंधारावर, आणि इतक्यात पहिले व्हायोलिन वरच्या अंगाने शुद्ध धैवत लावते. दोन्ही धैवत असे लागोपाठ कानावर पडले की आधीचा खोटा की नंतरचा, हे ठरेनासे होते. बावीस बार हा संभ्रम चालतो. त्यानंतर अलेग्रो सुरू होऊन सी मेजर आपल्या खऱ्या रूपात प्रगट होते, तेव्हा तो प्रकाश जो डोळे दिपवतो त्याचे श्रेय त्या स्वराला द्यावे की आधीच्या अंधाराला, हे सांगणे कठीण. या क्वार्टेटाला पुढे 'डिसोनन्स' हे नाव चिकटले. अंधाराच्या त्या बावीस बारांवरून संपूर्ण हसऱ्या रचनेचे नाव पडावे, हा मोझार्टवर थोडा अन्यायच झाला.

स्वराचा स्वतःचा असा काही स्वभाव असतो काय, या प्रश्नावर युरोपात मोठा खल झालेला आहे. शूबार्ट नावाचा एक जर्मन कवी आणि संगीतज्ञ (गीतकार शुबर्ट तो निराळा) होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात कैदेत असताना त्याने संगीताचे सौंदर्यशास्त्र सांगून लिहवून घेतले, ते १८०६ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक स्वराला त्याने एकेक स्वभाव नेमून दिला आहे: डी मेजर विजयाचा आणि जयघोषाचा, एफ मेजर शांतीचा, ए मायनर भाविक आणि कोमल स्त्रीहृदयाचा, इत्यादी. आपल्याकडील रागांच्या प्रहरांप्रमाणे ही यादीही वाचावयास मोठी रम्य आहे. परंतु ती प्रमाण मानावी तर अडचण अशी, की त्या काळचा 'ए' आणि आजचा 'ए' यांची उंचीच एक नव्हे. आज जो सेकंदाला ४४० कंपनांचा 'ए' सर्वत्र रूढ आहे, त्याला १९३९ साली लंडनच्या परिषदेत मान्यता मिळाली. त्यापूर्वी गावोगाव आणि पिढ्यानपिढ्या हे माप खालीवर होत आलेले आहे. शूबार्टच्या विजयाच्या स्वरात आपण आज कोणाचे स्वागत करीत आहो, हे तोही सांगू शकला नसता.

एक कारण मात्र खरेखुरे आणि लाकडातारांचे आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन या स्वरांत जुळविलेल्या असतात. डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनच्या शुद्ध सप्तकात, या चारही तारा त्या सप्तकातल्याच असल्यामुळे एक तार वाजविली की दुसरी आपोआप झंकारते आणि साऱ्या वाद्याचा कोठा बोलू लागतो. काळ्या पट्ट्यांची गर्दी असलेल्या सप्तकांत बोटांनी दाबलेले स्वर अधिक, म्हणून नाद झाकलेला. सतारीच्या तरफा ज्याने ऐकल्या आहेत त्याला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. डी मेजरमध्ये जयघोष असतोच असे नव्हे, पण जयघोष करावयाचा झाल्यास तेथे सोय चांगली आहे, एवढे शूबार्टच्या पदरात टाकता येईल.

आता लय. मेल्त्सेलने १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि मिनिटाला किती ठोके हे आकड्यांत सांगण्याची सोय झाली, तेव्हा तिचे हिरिरीने स्वागत करणाऱ्यांत बीथोव्हेन होता. इटालियन शब्दांवर तो मनातून चिडलेला होता. अलेग्रो म्हणजे आनंदी, आणि त्या मथळ्याखाली कित्येकदा आनंदाचा लवलेश नसतो, असा त्याचा आक्षेप मोझेल नावाच्या परिचिताला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. तोपर्यंतच्या सिंफन्यांना आणि क्वार्टेटांना त्याने दस्तुरखुद्द आकडे लावून दिले आणि ते छापून घेतले. पण याच काळातल्या एका गीताच्या हस्तलिखितावर त्याने ठोक्यांचा आकडा लिहून पुढे अशी पुस्ती जोडली आहे, की हा आकडा फक्त पहिल्या काही बारांपुरता समजावा, कारण भावनेलाही तिची स्वतःची लय असते. यंत्राचा पुरस्कार आणि यंत्राविरुद्ध तक्रार, दोन्ही एकाच लेखणीची. अखेरच्या वर्षांतल्या पाच मोठ्या क्वार्टेटांपैकी एकालाही त्याने आकडा लावला नाही. ज्या भागाचा विचार आपण करणार आहो त्याच्या माथ्यावर फक्त 'मोल्तो अदाज्यो' एवढे आहे, म्हणजे फार संथ. फार म्हणजे किती, हा निर्णय चार वादकांनी आपसांत घ्यावयाचा. त्यामुळे कोणी हा भाग पंधरा मिनिटांत उरकतात, कोणाला वीस लागतात.

ही रचना मुळात एका फर्माइशीतून निघाली. रशियाचा राजपुत्र निकोलाय गालित्सिन याने १८२२ साली पत्र पाठवून क्वार्टेटांची मागणी केली. त्याला तीन मिळाली, पण ठरलेल्या बिदागीचा मोठा हिस्सा बीथोव्हेनच्या हयातीत काही पोचला नाही आणि तगाद्याची पत्रे मात्र दप्तरी राहिली. त्यांपैकी या क्वार्टेटाचे काम चालू असता १८२५ च्या एप्रिलात बीथोव्हेन आतड्याच्या विकाराने अंथरुणाला खिळला. डॉक्टर ब्राउनहोफर मोठा कडक मनुष्य. त्याने दारू बंद, कॉफी बंद, मसाला बंद असे फर्मान काढले आणि शहर सोडून मोकळ्या हवेत जावयास सांगितले. मे महिन्यात रोगी बाडेनला गेला, तेथे त्याला उतार पडला, आणि या डॉक्टरसाठी मृत्यूला दार लावण्याविषयी एक विनोदी चुटका त्याने स्वरबद्ध करून धाडला. थट्टेचा हिशेब असा चुकता झाल्यावर गंभीर हिशेब क्वार्टेटाच्या मध्यभागी मांडला गेला. त्याचे शीर्षक त्याने पूर्ण वाक्यात दिले आहे: बऱ्या झालेल्या मनुष्याने देवाला वाहिलेले पवित्र आभारस्तोत्र, लिडियन स्वरांत.

लिडियन म्हणजे काय हे ज्याच्या घरी पेटी आहे त्याला क्षणात पाहता येईल. षड्ज पांढरी चारवर धरावा आणि काळ्या पट्ट्यांना स्पर्श न करता ओळीने पांढऱ्या पट्ट्या दाबीत वर जावे. शुद्ध मध्यम हवा असता तर काळी पाच घ्यावी लागली असती. ती घेतली नाही म्हणून तीव्र मध्यम लागला, आणि झाला तो आपला कल्याण थाट. व्हिएन्नाचा एक बहिरा जर्मन रचनाकार परमेश्वराचे आभार मानावयास बसला आणि त्याने दिवेलागणीला आपल्याकडील शिकाऊ मुलाच्या गळ्यात पहिल्याने पडतो त्या यमनचे स्वर उचलले, हे वाचून आपल्याला साहजिकच आनंद होतो. पण रचना ऐकू लागावे तर यमन कोठे दिसत नाही. तीव्र मध्यम आहे, परंतु त्याच्यावर रेंगाळणे नाही, निषादावरून उठून षड्जाला बगल देणारी ती चाल नाही. त्याहून मोठी अडचण ही, की आता षड्ज पांढरी चारवरून उचलून पांढरी एकवर ठेवला तर त्याच पट्ट्यांतून बिलावल निघतो. मूर्च्छनेचे हे तत्त्व आपल्या ग्रंथांना पुरातन काळापासून ठाऊक आहे. तंबोरा असता तर त्याने पांढरी चार धरून ठेविली असती. येथे ती धरावयास कोणी नाही; आणि शतकानुशतके मेजर सप्तकावर पोसलेला युरोपीय कान पांढरी एककडे, त्या ओळखीच्या घराकडे, सारखा ओढ घेतो. रचना म्हणते षड्ज येथे आहे, कान म्हणतो तेथे असावा. हा वाद कोठे जोरात होत नाही आणि कोठे मिटतही नाही.

त्यावर ती लय. स्तोत्राच्या पाच ओळी आहेत. प्रत्येक ओळ चार बारांची, चारही वाद्ये जवळजवळ एकदम, लांब लांब स्वर धरून ती वाजवितात. आणि प्रत्येक ओळीआधी दोन बारांची वाट, जीत एका वाद्याने उचललेला लहानसा तुकडा दुसरे वाद्य पाठोपाठ म्हणते. पुष्कळ वादक या ठिकाणी बोटाचा कंप जवळजवळ थांबवितात, त्यामुळे स्वर व्हायोलिनचा न वाटता एखाद्या जुन्या ऑर्गनचा वाटावा इतका सपाट आणि निर्विकार येतो. असे सहा बार पाच वेळा, म्हणजे तीस बार. आपल्याकडे अतिविलंबित ख्यालातही लय याहून जलद असते असे नव्हे. परंतु तेथे तबल्याचा ठेका चाललेला असतो, समेची वाट पाहावयाची असते आणि ती येणार हा भरवसा असतो. येथे ठेका नाही आणि सम नाही. आपल्या श्रोत्याला ज्या दोन आधारांची सवय, तो तंबोरा आणि तो ठेका, दोन्ही काढून घेतलेले. हे दुहेरी निराधारपण हाच या भागाच्या भावाचा उगम आहे असे मला वाटते. दीर्घ आजारातून नुकता उठलेला मनुष्य अंथरुणावर पडल्या पडल्या दिवस कोणता आणि प्रहर कोणता याची खूण हरवून बसतो, पण त्याला त्याची चिंताही वाटत नाही. तशी ती स्थिती. लिडियन स्वर जलद वाजविले असते तर त्यांत एखादे लोकनृत्य निघाले असते, आणि हीच संथ लय नेहमीच्या एफ मेजरमध्ये बसविली असती तर देवळातली एक सुबक प्रार्थना निघाली असती. दोहोंचा योग झाला म्हणून तिसरेच काही निघाले.

आणि मग कलाटणी. पांढरी एकच्या जागी काळी एक येते, पांढरी चारच्या जागी काळी तीन. षड्ज पांढरी दोनवर येऊन निःशंक बसतो, मोकळ्या तारा झंकारू लागतात, तीन मात्रांची चाल सुरू होते, पहिले व्हायोलिन ट्रिल, म्हणजे लगतच्या दोन स्वरांची जलद थरथर, घेते, जोर आणि नाजूकपणा एकाआड एक येतात. वर लिहिले आहे: नवे बळ जाणवत असताना. हा शूबार्टचा विजयाचा डी मेजर. पण लयीची खूण पाहा, ती अलेग्रो नव्हे, अंदांते आहे, चालण्याची आहे. बळ आले म्हणून आजारी मनुष्य धावत सुटत नाही, खोलीत फेरी मारून पाहतो. बीथोव्हेनच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने येथे हमखास नौबत झडविली असती, आणि ती आपण विसरूनही गेलो असतो.

पुन्हा स्तोत्र येते, पुन्हा बळ येते, तिसऱ्यांदा स्तोत्र येते. दुसऱ्या खेपेस चाल पहिल्या व्हायोलिनकडे, वरच्या सप्तकात गेलेली असते आणि खालची तीन वाद्ये अधिक हालत असतात. तिसऱ्या खेपेस पाचांपैकी पहिलीच ओळ उरते, पण ती चौघे पाळीपाळीने घेतात आणि ती पूर्वीची दोन बारांची वाट तिच्या अंगाखांद्यावरून चढत जाते. येथे रचनाकाराने अत्यंत आंतरिक भावनेने वाजवा अशी सूचना दिली आहे. सूचना अनावश्यक आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्याला आपली रचना ऐकू येत नव्हती त्याने ती कागदावर तरी का देऊ नये? ऑल्डस हक्सलीच्या १९२८ सालच्या कादंबरीत एक पात्र या भागाची ध्वनिमुद्रिका लावून ईश्वराचे अस्तित्व शाबीत करू पाहते. इतक्या मोठ्या दाव्यात एका क्वार्टेटाची साक्ष काढणे जोखमीचे खरे, पण वकिलाने साक्षीदार मात्र नामी निवडला.

ही रचना बीथोव्हेनने डोळ्यांनी ऐकली, याची एक नोंद सर जॉर्ज स्मार्ट या इंग्रज संगीतज्ञाने करून ठेविली आहे. नवव्या सिंफनीचा लंडनमधला पहिला प्रयोग १८२५ च्या मार्चमध्ये याच गृहस्थाने केलेला. तिच्या लयी रचनाकाराच्या तोंडून समजून घ्याव्या म्हणून तो व्हिएन्नास आला होता. सप्टेंबरात 'त्सुम विल्डेन मान' या खानावळीत प्रकाशक श्लेसिंगरसाठी शूपान्त्सिग, होल्त्स, वाइस आणि लिंके या चौघांनी हे क्वार्टेट वाजविले. एकदा नव्हे, दोनदा. खोलीत उकाडा आणि गर्दी, बीथोव्हेनने कोट काढून ठेवलेला. तुटक वाजवावयाची एक जागा त्याच्या मनाजोगती येईना, हे त्याला कानांनी नव्हे तर वादकाच्या हातावरून समजले. त्याने होल्त्सचे व्हायोलिन ओढून घेतले आणि ती जागा वाजवून दाखविली. स्मार्ट लिहितो की ती पाव स्वराने उतरलेली होती. लय अचूक, स्वर उतरलेला. ज्याच्या षड्जाविषयी आपण एवढा वेळ चर्चा केली, त्याच्या हातून तो असा निसटला, आणि तरीही त्या खोलीतल्या कोणाला तो मनुष्य चुकत आहे असे वाटले असेल, हे संभवत नाही. जाहीर प्रयोग ६ नोव्हेंबरला झाला; छापील प्रत निघाली ती १८२७ साली, रचनाकार गेल्यावर.

स्तोत्राचा अखेरचा स्वर विरतो न विरतो तोच चौथा भाग येतो, आणि तो आहे ए मेजरमधली लष्करी चाल, जलद, ठसकेबाज, जेमतेम दोन मिनिटांची. कित्येक श्रोते याने दुखावतात. पण ती संपते न संपते तोच पहिले व्हायोलिन नाटकातल्या पात्रासारखे बोलू लागते आणि पाचवा भाग, अलेग्रो आपासियोनातो, ए मायनरमध्ये सुरू होतो. त्याची अस्वस्थ, डोलणारी चाल बीथोव्हेनच्या वहीत आधीपासून टिपलेली होती: नवव्या सिंफनीची अखेर केवळ वाद्यांनी करावी की काय, या विचारात असताना त्याने ती योजिली होती. पुढे तेथे गायकवृंद आला, चाल शिल्लक राहिली, आणि ती येथे कामी आली.